दुर्बिणीने खडा काढल्यावरची पहिली रात्र



पित्ताशयातील खड्यांवर आम्ही मागे लिहिले होते. त्यानंतर सोनगीर, नरडाणा, शिंदखेडा या बाजूने आलेल्या पत्रांत एकच प्रश्न पुन्हा पुन्हा आला. पित्ताच्या नळीत अडकलेला खडा दुर्बिणीने काढला, पोटाला एक टाका नाही, डॉक्टर म्हणाले काम चांगले झाले. आणि त्याच रात्री पोट असे दुखू लागले की माणूस अंथरुणावर गडबडा लोळला. हे काय झाले? खडा आत राहिला की काय?

खडा राहिलेला नसतो. बहुतेक वेळा स्वादुपिंडाला सूज आलेली असते. आम्ही डॉक्टर नव्हेत, वह्या-पावत्या सांभाळणारे कारकून आहोत. पण वस्तीतल्या रुग्णाबरोबर कागद घेऊन धुळे, नाशिक, मुंबई अशा फेऱ्या करण्याचे काम आमच्याकडे अनेक वर्षे आहे. तेव्हा डॉक्टर मंडळींना विचारून आणि छापून आलेले संशोधन वाचून जे समजले, ते येथे मांडतो. औषध मात्र डॉक्टरांनीच द्यायचे, हे आधीच सांगून ठेवतो.

स्वादुपिंड हा जठराच्या मागे, पाठीच्या कण्याला लागून असलेला वीतभर लांबीचा अवयव. अन्न पचवणारा जहाल रस तो तयार करतो. यकृतातून येणारी पित्ताची नळी आणि स्वादुपिंडाची नळी बहुतेकांत एकाच तोंडातून लहान आतड्यात उघडतात. शेतात दोन चाऱ्या येऊन एकाच मोरीतून पाटात पडाव्यात, तसे समजा. दुर्बीण तोंडावाटे जठरातून पुढे जाते, या मोरीपाशी थांबते आणि तिच्यातून बारीक तार पित्ताच्या नळीत सरकवतात. मग रंग सोडून एक्स-रे घेतात, मोरीला छोटा छेद देतात आणि खडा खाली ओढतात. यालाच ई.आर.सी.पी. म्हणतात. आता मोरी एक आणि चाऱ्या दोन. तार किंवा रंग कधी दुसऱ्या चारीत जातो. कधी टोचण्याने मोरीचे तोंडच सुजते आणि स्वादुपिंडाचा रस मागे तुंबतो. मांस पचवणारा तो रस मग ज्या घरात तयार झाला तेच घर पचवू लागतो. या दुखण्याला डॉक्टर पॅन्क्रियाटायटिस म्हणतात.

हे वाचून कोणी ई.आर.सी.पी.ची धास्ती घेऊ नये. १९६८ साली अमेरिकेत मॅक्क्यून यांनी दुर्बिणीतून ही मोरी प्रथम गाठली. १९७४ साली जर्मनी आणि जपान या दोन देशांत स्वतंत्रपणे मोरीला छेद देण्याची रीत निघाली. त्याआधी नळीतल्या खड्यासाठी पोट उघडावे लागे, रुग्ण आठवडेच्या आठवडे खाटेवर असे. आज आपल्या देशातही या कामात नावाजलेले हात आहेत. मुंबईचे डॉ. अमित मायदेव यांना २०१३ साली पद्मश्री आणि हैदराबादचे डॉ. डी. नागेश्वर रेड्डी यांना २०२५ साली पद्मविभूषण मिळाले. नळीत खडा अडकून कावीळ झाली, थंडी वाजून ताप आला, तर हेच काम जीव वाचवते, आणि तेथे उशीर करणे घातक.

उशीर कोठे होतो ते आपल्याला ठाऊक आहे. कावीळ म्हटली की अजूनही कित्येक घरांतून आधी ‘उतरवणाऱ्या’कडे जातात. चुन्याच्या पाण्यात हात धुतले की पाणी पिवळे होते आणि लोक म्हणतात, कावीळ निघाली. हाताला आधी आंब्याच्या सालीचा रस लावलेला असला तर निरोगी माणसाचे पाणीसुद्धा पिवळेच होते. अंधश्रद्धा निर्मूलनाची मंडळी हा प्रयोग गावोगाव करून दाखवतात. विषाणूची कावीळ बरेचदा आपली आपण ओसरते आणि श्रेय माळेला मिळते. खड्याची कावीळ माळेने ओसरत नाही. लघवी गर्द पिवळी, शौचाचा रंग मातकट-पांढरा, अंगाला खाज आणि उजव्या बाजूला वर दुखणे असेल, तर सोनोग्राफी करून घ्यावी.

आता धोका किती? ई.आर.सी.पी. झालेल्या शंभर जणांत साधारण तीन ते दहा जणांच्या स्वादुपिंडाला सूज येते. त्यांतल्या बहुतेकांची सौम्य असते, तीन-चार दिवसांत उतरते. जिवावर बेतणारी सूज हजारात पाच-सहा जणांना येते. आकडा लहान दिसतो, पण ज्या घरात ती येते त्या घरात महिनाभर अतिदक्षता विभाग, गहाण टाकलेले डोरले आणि बुडालेली मजुरी असते.

कोणाला जास्त येते, हेही आता बरेच कळले आहे. पुरुषांपेक्षा स्त्रियांना, म्हाताऱ्यांपेक्षा तरुणांना, कावीळ असलेल्यांपेक्षा कावीळ नसलेल्यांना, आणि ज्यांना पूर्वी एकदा ही सूज येऊन गेली त्यांना. म्हणजे पस्तिशीतली बाई, पोट दुखते एवढीच तक्रार, रक्तात कावीळ नाही, सोनोग्राफीत नळी फुगलेली नाही; तिला धोका सर्वांत जास्त आणि खडा सापडण्याची शक्यता सर्वांत कमी. पीटर कॉटन या नामांकित डॉक्टरांनी २००१ साली लिहिलेल्या लेखाचा रोख हाच होता, की ज्याला गरज कमी त्यालाच या कामाचा धोका अधिक.

म्हणून बचावाची पहिली पायरी दुर्बीण घालण्याच्या आधीची आहे. नळीत खडा आहे की नाही हे नुसते पाहण्यासाठी ई.आर.सी.पी. करण्याचे दिवस गेले. पाहायचे असेल तर एम.आर.सी.पी. नावाचा चुंबकीय फोटो आहे, एन्डोस्कोपीतून करायची सोनोग्राफी आहे. त्यांनी मोरीला धक्का लागत नाही. डॉक्टरसाहेबांना नम्रपणे विचारावे, “साहेब, खडा नक्की दिसला आहे ना? की तपासायला घालताहेत?” असे विचारल्याने डॉक्टर रागावतात हा आपल्या लोकांचा गैरसमज आहे. चांगला डॉक्टर रागावत नाही. आणि एखादा रागावलाच, तर पोट आपले आहे.

दुसरी पायरी ही या लेखाचा मुख्य मुद्दा. ही सूज टाळण्यासाठी सर्वांत जास्त पारखून घेतलेला उपाय कोणता असेल? एखादे परदेशी इंजेक्शन? नाही. गुदद्वारातून ठेवायची, वेदना आणि सूज कमी करणारी एक गोळी: इंडोमेथासिन किंवा डायक्लोफिनॅक, १०० मिलिग्रॅम. सिझेरियन झालेल्या पुष्कळ आया-बहिणींना दुखू नये म्हणून डायक्लोफिनॅकची गोळी अशीच ठेवलेली आठवत असेल. किंमत थोडक्या रुपयांची.

२०१२ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी तिची परीक्षा प्रसिद्ध केली. धोका जास्त असलेले ६०२ रुग्ण. २९५ जणांना खरी इंडोमेथासिन, ३०७ जणांना दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी. कोणाला कोणती दिली हे रुग्णालाही ठाऊक नाही. खरी गोळी मिळालेल्यांत २७ जणांना सूज आली, खोटी मिळालेल्यांत ५२ जणांना. आम्ही आकडेमोड करून पाहिली. शेकडा १६.९ वरून ९.२. अशा जोखमीच्या तेरा जणांना गोळी दिली की एकाचे दुखणे वाचते. एका गोळीचा याहून फायद्याचा व्यवहार आमच्या तरी पाहण्यात नाही.

पुढे २०१६ साली चीनमध्ये २,६०० रुग्णांवर आणखी एक तुलना झाली. एका बाजूला सगळ्यांनाच दुर्बिणीच्या आधी गोळी, दुसऱ्या बाजूला फक्त जोखमीच्या रुग्णांना आणि तीही दुर्बिणीनंतर. पहिल्या १,२९७ जणांत ४७ जणांना सूज, दुसऱ्या १,३०३ जणांत १००. निम्म्याहूनही कमी. सगळ्याच अभ्यासांत एवढा ठळक फरक दिसलेला नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण सगळे एकत्र पाहून युरोपातील दुर्बीणतज्ज्ञांच्या संस्थेने २०२० साली शिफारस केली, की अडचण नसेल तर प्रत्येक रुग्णाला ई.आर.सी.पी.च्या लगेच आधी ही गोळी द्यावी.

अडचण कोणाला? ज्याला अशा वेदनाशामक गोळ्यांची ॲलर्जी आहे, ज्याचे मूत्रपिंड निकामी होत आले आहे, ज्याच्या पोटातील व्रणातून रक्त जाते, आणि गरोदर बाई. यातले काही असेल तर ते डॉक्टरांना न विचारता सांगावे. मेडिकलमधून गोळी आणून आपल्या मनाने ठेवण्याचा उद्योग कोणी करू नये.

गोळी चालत नसेल तर आर.एल. नावाचे सलाईन नेहमीपेक्षा भरपूर देण्याची रीत आहे. हृदय आणि मूत्रपिंड ठीक असेल तरच. गोळी दिलेली असताना वरून भरमसाठ सलाईन दिल्याने आणखी फायदा होत नाही, असे नेदरलँड्समधील २०२१ च्या अभ्यासात दिसले. तेव्हा “एवढे पैसे भरले आणि बाटली एकच लावली” ही तक्रार प्रत्येक वेळी खरी नसते.

तिसरा उपाय स्वादुपिंडाच्या नळीत बारीक प्लास्टिकची नळी, म्हणजे स्टेन्ट, ठेवण्याचा. मोरी सुजली तरी रस वाहता राहतो. हा उपाय जोखमीच्या रुग्णांसाठी, आणि त्याला हात सराईत लागतो. गोळी असताना स्टेन्टची गरज काय, असा प्रश्न काही वर्षे चालला होता. २०२४ साली १,९५० जोखमीच्या रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. नुसत्या गोळीवर शेकडा १४.९ जणांना सूज, गोळी अधिक स्टेन्ट असता ११.३ जणांना. म्हणजे अवघड रुग्णात दोन्ही असलेले बरे.

हे सगळे आम्हाला का लिहावेसे वाटले, ते सांगतो. आमच्या वस्तीतल्या एका ताईंना खड्याची कावीळ झाली. दोन आठवडे चुन्याच्या पाण्यात गेले. मग एका मोठ्या शहरातल्या दवाखान्यात सकाळी दुर्बीण झाली, खडा निघाला, आणि संध्याकाळी सुट्टी मिळाली. त्यांचे मालक बाजार समितीत हमाली करतात. रात्री लॉजवर राहायचे म्हणजे दोन दिवसांची मजुरी. ते तशीच एस.टी. धरून निघाले. मालेगावच्या पुढे पोटात कळ सुरू झाली. घरी आल्यावर शेजारच्या आजींनी पोटाला हिंग लावला, कोणी सोडा पाजला. “गॅस व्हयना व्हई, जपी जाय,” असे ज्याने त्याने सांगितले. पहाटे उलट्या थांबेनात, लघवी होईना, तेव्हा धुळ्याला हलवले. रक्तातील लायपेज कितीतरी पट वाढलेले. पाच दिवस सलाईनवर काढून ताई बऱ्या झाल्या.

आम्ही नंतर त्यांची फाइल चाळली. सुट्टीच्या कागदावर तिसऱ्या ओळीत छापलेले होते: पोटात जोराचे दुखल्यास ताबडतोब परत यावे. इंग्रजीत. ती ओळ कोणी वाचून दाखवली नव्हती. गोळी दिल्याची नोंद फाइलमध्ये कोठे आढळली नाही. नोंद नाही म्हणजे दिलीच नाही असे आम्ही म्हणणार नाही. पण त्या घरातल्या कोणालाही विचारायचे असते हेच माहीत नव्हते. आणि आणखी एक गोष्ट घडली, ती आम्हाला जास्त बोचली. स्वादुपिंडाला सूज म्हणजे दारूचे दुखणे, एवढेच लोकांना ठाऊक. ज्या बाईने कधी थेंबाला हात लावला नाही, तिच्याबद्दल वस्तीत कुजबूज झाली. दारूने स्वादुपिंड सुजते हे खरे आहे. पण खड्याने सुजते, दुर्बिणीच्या धक्क्यानेही सुजते. कुजबुजणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावे.

तर पहिल्या रात्री काय पाहायचे? सूज यायची असेल तर बहुधा काही तासांत, चोवीस तासांच्या आत कळते. दुखणे बेंबीच्या वर, पोटाच्या मधोमध. आरपार पाठीत जाते. ढेकर दिल्याने किंवा शौचाला जाऊन आल्याने उतरत नाही. पुढे वाकून बसले की जरा बरे वाटते. जोडीला मळमळ, उलटी. दुर्बिणीत हवा भरलेली असते, त्यामुळे पोट थोडे फुगून गुडगुडणे साहजिक आहे, पण ते तासागणिक कमी व्हायला हवे. तासागणिक वाढणारे दुखणे गॅसचे नव्हे. ताप-थंडी आली, काळे शौच झाले, रक्ताची उलटी झाली, पोट लाकडासारखे कडक झाले, तर ती दुसरी संकटे आहेत. त्यांसाठीही तितकीच धावपळ करावी.

आमचे स्पष्ट मत असे, की सोनगीरसारख्या गावच्या माणसाने दुर्बीण झाल्याच्या दिवशी परत निघू नये. एक रात्र त्याच शहरात काढावी. दवाखान्यात जमले नाही तर नातेवाइकाकडे. पाहुणे ठेवून घेण्यात आपला समाज मागे नाही. सुट्टी देण्याआधी पोट दुखत असेल तर दुर्बिणीनंतर दोन ते सहा तासांनी अमायलेज-लायपेज तपासण्याची पद्धत आहे. आकडा फारसा वाढलेला नसेल तर घरी जाण्यात धोका थोडा, वाढलेला असेल तर थांबणे भाग. आणखी एक प्रश्न विचारावा: “साहेब, काम सोपे गेले की अवघड?” तज्ज्ञांनी त्याचे मोजमापच ठरवले आहे. मोरीला पाचाहून अधिक वेळा टोचावे लागले, पाच मिनिटांहून अधिक वेळ गेला, किंवा तार एकाहून अधिक वेळा स्वादुपिंडाच्या नळीत शिरली, तर काम अवघड गेले असे मानतात. अवघड गेले असेल तर एस.टी.चे तिकीट काढूच नये.

आणि गावी पोहोचल्यावरच दुखू लागले तर? मुंबईला परत पळत सुटायचे नाही. १०८ ला फोन करून गाडी बोलवावी, ती मोफत आहे, आणि वीसेक किलोमीटरवरचे धुळे गाठावे. सुरुवातीची तपासणी आणि सलाईन जिल्ह्याच्या ठिकाणी होते. भाऊसाहेब हिरे शासकीय महाविद्यालयाचे रुग्णालय तेथे आहे. जाताना ई.आर.सी.पी.चे कागद बरोबर न्यावेत आणि दुर्बीण करणाऱ्या डॉक्टरांशी तिथल्या डॉक्टरांचे फोनवर बोलणे करून द्यावे.

उपचाराबद्दल लोकांच्या डोक्यात जुन्या समजुती आहेत. या सुजेवर अमुक एक इंजेक्शन दिले आणि उतरली, असे औषध नाही. सलाईन, वेदना थांबवणे, नाडी-लघवी-श्वास यांवर लक्ष, आणि वाट पाहणे. सलाईनही बेताने. २०२२ साली स्पेन, इटली, मेक्सिको आणि आपला भारत अशा चार देशांत मिळून झालेल्या अभ्यासात भरमसाठ सलाईन दिलेल्यांत शेकडा २०.५ जणांच्या अंगात पाणी जास्त झाले, बेताने दिलेल्यांत ६.३ जणांच्या; आणि जास्त दिल्याने दुखणे काही लवकर बरे झाले नाही. पूर्वी आठ-आठ दिवस उपाशी ठेवत. आता उलटी थांबली, भूक लागली की सौम्य सुजेत लवकरच मऊ भात, पातळ खिचडी सुरू करतात. शेवभाजीचा तवंग मात्र काही दिवस दूर ठेवावा! ज्याला तोंडाने खाता येत नाही त्याला नाकातल्या नळीने अन्न देतात. जंतुसंसर्ग नसताना महागडी प्रतिजैविके देण्याचा उपयोग नाही. श्वास लागणे, मूत्रपिंड थंडावणे अशी लक्षणे दोन दिवसांहून अधिक टिकली तर ती तीव्र सूज. तेथे अतिदक्षता विभागच हवा. स्वादुपिंडाचा भाग सडला तरी घाईने पोट उघडत नाहीत. जमेल तितके थांबून, बहुधा चार आठवड्यांनी, नळी घालून घाण बाहेर काढतात. तेव्हा “डॉक्टर ऑपरेशन का करत नाहीत” म्हणून वॉर्डात आरडाओरडा करू नये.

कागदांविषयी दोन शब्द, कारण तो आमचा प्रांत. संमतीपत्रावर सही करण्यापूर्वी ते मराठीत समजावून मागावे. त्यात पॅन्क्रियाटायटिस हा शब्द असतो. तो दिसला की तेथेच गोळीचा विषय काढावा. सरकारी आरोग्य योजनेच्या पहिल्या टप्प्यात, २०१२ साली, धुळे जिल्हा होता. तीच योजना २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालते. योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेला असतो. शिधापत्रिका आणि आधार घेऊन दुर्बिणीच्या आधीच त्याला भेटावे, आणि पुढे सूज आलीच तर तिचा खर्च कशात बसेल हे त्याच वेळी विचारून घ्यावे. नंतर विचारले की धावपळ होते.

खडा निघाल्यावर पित्ताशय तसेच ठेवले तर नवे खडे पुन्हा नळीत उतरतात. पित्ताशय काढण्याची तारीख सर्जनकडून लवकर घ्यावी. “आता दुखत नाही” म्हणून ती पुढे ढकलू नये. आणि स्टेन्ट ठेवला असेल तर कोणत्या नळीत ठेवला हे कागदावर लिहून घ्यावे. स्वादुपिंडाच्या नळीतला बारीक स्टेन्ट बहुतेकदा आपोआप गळून शौचावाटे जातो. तो गेला की नाही हे पाहायला पाच ते दहा दिवसांत पोटाचा एक्स-रे काढतात आणि राहिला असेल तर दुर्बिणीने ओढून घेतात. पित्ताच्या नळीतला प्लास्टिकचा स्टेन्ट गळून जाईल म्हणून वाट पाहायची नसते. साधारण तीन महिन्यांत तो काढावा किंवा बदलावा लागतो, नाहीतर तुंबून पुन्हा ताप-कावीळ. ती तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल शाईने लिहावी आणि घरात शिकणारा मुलगा किंवा मुलगी असेल तर त्यांच्यावर ती जबाबदारी टाकावी.